किती वेळ लागला?

मुंबईहून पुण्याला पोचलेल्या माणसाला दारातच पहिला प्रश्न काय विचारतात? ‘कशी आहेस’ नाही, ‘जेवलीस का’ नाही. ‘किती वेळ लागला?’ आणि आपणही सँडल काढता काढता आकडा फेकतो. तीन तास म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर सहानुभूती. अडीच म्हटलं की ठीक आहे. आणि दोनच्या आतला आकडा असला की कोपऱ्यात पेपर वाचत बसलेले काकासुद्धा पेपर खाली करून बघतात.

आमच्या ग्रुपमध्ये तर याचं चक्क स्कोअरकार्ड आहे. कुणी आयटीत, कुणी बँकेत, कुणी अॅड एजन्सीत, पण वीकेंडला सगळे पुण्याला पळणारे. वाशी ते कोथरूड हा माझा बेस्ट टाइम एक तास पंचेचाळीस मिनिटं. तोही सेकंडहँड हॅचबॅकमध्ये! नोव्हेंबर २०२२ मधला हा रेकॉर्ड मी पुढची दोन वर्षं मिरवला. कुणी नवी एसयूव्ही घेतली की हळूच विचारायचं, ‘मग? किती वेळ लागतो?’

त्या दिवशी माझ्या शेजारच्या सीटवर आई बसलेली होती. गोष्ट सांगताना मी हा भाग गाळायचे. मुद्दाम नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे, असं मला वाटलंच नव्हतं.

त्यानंतर मात्र आई माझ्या गाडीने आली-गेली नाही. तिला अचानक डेक्कन क्वीनच्या कटलेटची आठवण यायला लागली. मग शिवनेरी किती सोयीची आहे हे पटायला लागलं. ‘तू कशाला एवढ्या लांब येतेस, तुझी कामं असतात,’ वगैरे. मीही म्हटलं, बरं. २०२४ च्या दिवाळीत फराळाचे डबे भरताना मावशीच्या तोंडून निसटलं, ‘अगं, ताईला तुझ्या गाडीत बसायची भीती वाटते. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस हं.’

मला आधी राग आला. अपघात झाला का? नाही. गाडीला ओरखडा? नाही. चलान आलं? तेही नाही. मग भीती कसली? आता माझं शिक्षण मास कॉमचं. वाद घालायचा तर हातात कागद हवा, ही सवय. म्हणून मी मोटार वाहन कायदा उघडला. धोकादायक ड्रायव्हिंग म्हणजे कायद्याच्या भाषेत नक्की काय, ते शोधायचं आणि त्यात मी कुठेच बसत नाही हे आईला दाखवायचं, असा साधा प्लॅन होता.

१९८८ च्या या कायद्याचं कलम १८४. ते वाचलं आणि प्लॅन बोंबलला.

माझी समजूत होती की तिथे एखादा आकडा असेल. ताशी अमुक किलोमीटरच्या वर गेलात की धोकादायक. पण आकडा तिथे नाहीच. वेगमर्यादा मोडण्यासाठी वेगळं कलम आहे, १८३. तो सरळ हिशेबाचा मामला. १८४ मात्र विचारतं, तुमचा वेग किंवा तुमची चालवण्याची पद्धत लोकांना धोक्याची होती का? आणि हे ठरवायचं कशावरून? तर ती जागा कशी आहे, कुठल्या अवस्थेत आहे, कशासाठी वापरली जाते, त्या वेळी तिथे किती रहदारी होती यावरून. इतकंच नाही, तर तिथे किती रहदारी असेल असं शहाण्या माणसाने धरून चालायला हवं होतं, यावरूनसुद्धा.

आणि मग २०१९ च्या दुरुस्तीत घातलेले शब्द. त्या वर्षी १ सप्टेंबरपासून, ज्या गाडी चालवण्यामुळे गाडीत बसलेल्यांच्या, रस्त्यावरच्या इतरांच्या किंवा रस्त्याजवळच्या लोकांच्या मनात भीती किंवा अस्वस्थता निर्माण होते, तेही धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलं जातं.

गाडीत बसलेल्यांच्या. मी ती ओळ तीनदा वाचली. थोडक्यात काय, आई कायद्यात होती. शेजारच्या सीटवर, खिडकीवरचं हँडल धरून.

शिक्षाही किरकोळ नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा तेच केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. शिवाय पोलीस लायसन्स ताब्यात घेऊन निलंबनासाठी पाठवू शकतात, ते वेगळंच.

त्याच दुरुस्तीने कलमाखाली एक यादीही जोडली. आता वाचताना जरा स्वतःकडे बघा. लाल सिग्नल तोडणं. ‘थांबा’ची पाटी न जुमानणं. हातात मोबाइल घेऊन गाडी चालवणं. (२०२० मध्ये नियम बदलले आणि रस्ता बघण्यापुरता, तोही लक्ष विचलित न होता, मोबाइल चालतो अशी सवलत मिळाली. रील बघणं यात येत नाही.) नियम सोडून ओव्हरटेक करणं. आणि रहदारीच्या उलट दिशेने चालवणं. म्हणजे हिंजवडीत पुढचा यू-टर्न वाचवायला आपण शंभर मीटर ‘जरा’ उलटे जातो ना, समोरच्याला हात दाखवत, कसंनुसं हसत? ते. आपल्याला वाटतं, तो फार तर नियमभंग. कायदा त्याला धोकादायक ड्रायव्हिंग म्हणतो, घाटात वळणावर ओव्हरटेक करणाऱ्या टेम्पोच्याच ओळीत.

यादीतलं शेवटचं कलम सगळ्यांत मजेशीर आहे. सक्षम आणि काळजीपूर्वक चालकाकडून जी अपेक्षा असते, तिच्या फार खाली उतरणारं चालवणं. आणि असं चालवणं धोक्याचं आहे हे तशा चालकाला उघड दिसलं असतं, असं. ब्रिटनच्या कायद्यात जवळजवळ हेच शब्द आहेत. म्हणजे कायदा आपल्या गाडीत मागच्या सीटवर एक काल्पनिक माणूस बसवतो. सभ्य, सावध, जरा बोअर. आणि प्रत्येक लेन बदलताना त्याच्याकडे आरशात बघायला सांगतो.

माझ्या गाडीतला तो माणूस खरा होता, हाच काय तो फरक.

डिसेंबर २०२४ मध्ये आई चार दिवस माझ्याकडे राहायला आली होती. परत सोडायची वेळ आली तेव्हा मी मनाचा हिय्या करून सगळं सांगितलं. मावशीचं नाव न घेता, अर्थात. आणि कलमाचा प्रिंटआउट पुढे ठेवला. आईने चष्मा लावून वाचला. ती सत्तावीस वर्षं पुण्यात एका वकिलांच्या ऑफिसात टायपिस्ट होती. मोटार अपघाताचे दावे हेच त्या ऑफिसचं मुख्य काम. त्यामुळे कागद तिने माझ्यापेक्षा लवकर संपवला.

‘रविवारी सकाळी लवकर निघू,’ ती म्हणाली. ‘गर्दी कमी असते.’

साडेसहाला वाशी सोडलं. कळंबोलीला एक्सप्रेसवेवर चढलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. ९४.५ किलोमीटरचा हा रस्ता. २००२ मध्ये पूर्ण सुरू झाला, सहा लेनचा, काँक्रिटचा. दुचाकी नाही, रिक्षा नाही, सिग्नल नाही. तेव्हाच्या कॉलेजवाल्यांना तो परदेशी सिनेमातला रस्ता वाटायचा म्हणे. अजूनही पहिल्या दोन किलोमीटरमध्ये पाय आपोआप जड होतो. मी शंभरच्या खाली ठेवला. सपाटीवर कारला मर्यादा शंभरची, घाटात त्याहून बरीच कमी. जुलै २०२४ पासून वर कमानींवर कॅमेरेही लागलेत. वेग, लेन, सीटबेल्ट, मोबाइल, सगळं टिपणारे. भीती टिपणारा कॅमेरा मात्र अजून निघालेला नाही.

‘पंचनाम्यात सगळ्यात आधी काय लिहितात, माहितीये?’ आईने विचारलं.

‘गाडीचा नंबर?’

‘रस्ता. डांबरी की काँक्रिटचा, किती फूट रुंद, सरळ की वळण, चढ की उतार, कडेला काय आहे, दिवे आहेत का. मग टायरच्या खुणा किती लांब ते. गाडी त्यानंतर येते. आणि माणूस सगळ्यात शेवटी.’

म्हणजे कलम १८४ चीच पद्धत. आधी जागा बघा, मग ड्रायव्हरकडे वळा.

आणि फिर्यादीतलं ते वाक्य तर आपल्याला सगळ्यांनाच पाठ आहे. पेपरातल्या प्रत्येक अपघाताच्या बातमीत त्याचा कुठला ना कुठला तुकडा असतो. ‘आपल्या ताब्यातील वाहन रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, भरधाव वेगात, अविचाराने व हयगयीने चालवून...’ आईने हे वाक्य किती वेळा टाइप केलं असेल याची गणतीच नाही. आधी टाइपरायटरवर, नंतर कॉम्प्युटरवर. ‘पोरं म्हणायची, मॅडम, कॉपी-पेस्ट करा ना. मी करायचे नाही. पूर्ण टाइप करायचे.’ का, ते तिने सांगितलं नाही.

इतकी वर्षं मला त्या वाक्यातला जोरदार शब्द ‘भरधाव’ वाटायचा. तो नाहीये. खरं वजन ‘रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून’ या शब्दांत आहे. १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टाने कर्नाटकातल्या एका खटल्यात हेच सांगितलं होतं. ट्रक उलटून माणसं गेली होती. साक्षीदार म्हणत होते, वेग खूप होता. कोर्टाचं म्हणणं असं, की ‘खूप वेग’ ही सापेक्ष गोष्ट आहे आणि नुसत्या वेगावरून बेदरकारपणा किंवा हयगय आपोआप सिद्ध होत नाही. त्या जागी, त्या वेळी काय घडलं ते दाखवावं लागतं. ड्रायव्हर सुटला. ऐकायला विचित्र वाटतं, पण हे उलट्या बाजूनेही खरं आहे. वेग मर्यादेत आहे म्हणून तुम्ही सुटत नाही. लोणावळ्यात धुकं उतरलेलं असताना शंभरच्या पाटीखालून शंभरने जाणारा माणूस १८३ मोडत नसेल, १८४ मात्र त्याची वाट बघत उभं असतं.

भाताणचा बोगदा आला. आई काही बोलली नाही, पण तिने पदर सारखा केला, तेव्हा मला कळलं. १२ फेब्रुवारी २००१ ला भक्ती बर्वे याच बोगद्याजवळच्या अपघातात गेल्या. आईच्या पिढीला हा बोगदा त्यांच्या नावाने माहीत आहे. मग माडप बोगदा. तिथे ऑगस्ट २०२२ मध्ये विनायक मेटे यांच्या गाडीला अपघात झाला. पुढे पुण्याच्या अंगाला उर्से परिसर, जिथे २३ डिसेंबर २०१२ ला आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे गेले, पेंडसेंच्या दोन वर्षांच्या मुलासह. या रस्त्याला किलोमीटरचे दगड आहेतच. पण मराठी घरांत तो असाही मोजला जातो. कुणाची चूक, कुणाची नाही, हा इथे प्रश्न नाही. प्रश्न इतकाच, की ही नावं ज्यांच्या डोक्यात आहेत ती माणसं आपल्या शेजारी बसलेली असतात, आणि आपण गाणं बदलत असतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये मी ह्याच पट्ट्यात १३० ला टेकले होते. आईला सांगून टाकलं. ती म्हणाली, ‘१३४.’

‘काय?’

‘१३४ होता काटा. मी बघत होते.’

खालापूरला फूड मॉलवर थांबलो. वडापाव, चहा, आणि बाजूच्या टेबलवर कॉर्पोरेट आउटिंगची एक अख्खी बस. मी टिश्यू पेपरवर हिशेब मांडला. अख्खा एक्सप्रेसवे १०० ने सलग पळवला तर सत्तावन्न मिनिटं. १३० ने पळवला तर चव्वेचाळीस. (घाटात दोन्ही जमत नाही, हे सोडून द्या.) म्हणजे कमाल वाचवून वाचवून तेरा मिनिटं. ज्या तेरा मिनिटांसाठी मी दोन वर्षं कॉलर ताठ करून फिरले, ती पुढे चांदणी चौकात मी किती वेळा उडवली असतील!

आईने टिश्यू उलटा करून त्यावर चटणी ठेवली.

चहा पिताना मी विचारलं, ‘त्या दिवशी बोलली का नाहीस? हळू चालव म्हणायचं.’

‘म्हटलं की. दोनदा. तू म्हणालीस, आई, आय अॅम इन कंट्रोल.’

मला आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. पण वाक्य माझंच आहे यात शंका नाही, मी तस्संच बोलते.

आणि गंमत अशी, की कायदा या वाक्यालाच भीक घालत नाही. १८४ ला ड्रायव्हरच्या आत्मविश्वासाशी देणंघेणं नाही. मोजायची ती बाकीच्यांची बाजू. तुम्ही रात्रीची शिफ्ट संपवून ऑफिसच्या कॅबमध्ये मागे बसलेले असता, ड्रायव्हर एका हाताने फोन धरून शंभरवर असतो, आणि आपण ‘भैया, थोडा धीरे’ म्हणावं की नको या विचारात हिंजवडीपासून औंधपर्यंत गप्प बसतो. का? तर आपण उगाच घाबरट ठरू. तर मंडळी, ती पोटातली गोळ्याची भावना कायद्यात शब्दांनी लिहिलेली आहे. कोर्टात ती सिद्ध करणं सोपं नाही, हे आई पहिल्यांदा सांगेल. पण तुम्ही घाबरट नाही, तुम्ही कलमातला एक पक्ष आहात.

अपघात व्हायलाच हवा असंही नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम २८१ प्रमाणे (जुनं २७९) सार्वजनिक रस्त्यावर माणसाच्या जिवाला धोका होईल अशा बेदरकारपणे किंवा हयगयीने गाडी चालवणं, एवढाच गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कुणाला खरचटलं नाही तरी. हयगयीने मृत्यू घडवला तर कलम १०६(१), आणि जुन्या ३०४-अ मध्ये जास्तीत जास्त दोन वर्षं होती ती आता पाच झाली.

‘पण रस्ता रिकामा असेल तर?’ मी उगाच वकिली केली. ‘रात्री दोनला? कोणाला भीती वाटणार?’

आईने मलाच कलमातली ओळ दाखवली. रहदारी किती होती एवढंच नाही, किती असेल असं धरून चालायला हवं होतं तेही. मग कार्टर रोडची आठवण निघाली. १२ नोव्हेंबर २००६ ची पहाट, वांद्रे. रस्ता रिकामाच होता. फुटपाथवर मजूर झोपले होते, त्यांच्यावर गाडी गेली, सात जण मेले. सेशन्स कोर्टाने आधी हयगयीने मृत्यू एवढंच धरलं. हायकोर्टाने सदोष मनुष्यवध धरून तीन वर्षं दिली आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१२ मध्ये ती कायम ठेवली. मुंबईच्या फुटपाथवर पहाटे माणसं झोपलेली असतात, हे या शहरात गाडी चालवणाऱ्या कोणाला माहीत नाही? रिकामा रस्ता म्हणजे फक्त तुमच्या हेडलाइटमध्ये न आलेला रस्ता.

आणि १९ मे २०२४ चं कल्याणीनगर तर आपल्याच पिढीचं. बाइकवरचे दोघंही तरुण इंजिनिअर, शनिवारच्या रात्री आपल्यासारखेच मित्रांना भेटून घरी निघालेले. कारच्या स्टिअरिंगवर सतरा वर्षांचा मुलगा होता. जामिनाच्या अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध होता, तो आठवडाभर प्रत्येक ऑफिसच्या पँट्रीत गाजला. माझ्या ग्रुपमध्येही. मी स्वतः त्यावर दोन कडक पोस्ट टाकल्या होत्या. त्या महिन्यातही माझं स्कोअरकार्ड चालूच होतं, हे आत्ता लिहिताना जाणवतंय.

खोपोली मागे पडली आणि घाट सुरू झाला. इथून पुढे रस्ता आपला राहत नाही, ट्रकवाल्यांचा होतो. डावीकडे स्टीलच्या कॉइल्स घेतलेला ट्रेलर चालत्या माणसाच्या वेगाने. त्याला मधल्या लेनमधून दुसरा ओव्हरटेक करतोय, त्याच्यापेक्षा जेमतेम इंचभर जास्त वेगाने. आणि उजवीकडच्या, फक्त ओव्हरटेकसाठी असलेल्या लेनमध्ये एक कंटेनर ठाण मांडून. पलीकडच्या बाजूने मुंबईकडे उतरणारे ट्रक. त्यांतले काही डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकून घाट उतरतात, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन उतारावर दगा देतात. ‘सक्षम आणि काळजीपूर्वक चालक’ हे शब्द न्यूट्रलवाल्यासाठीच लिहिले असावेत. त्याच्या डोक्यात फक्त वाचलेले लिटर असतात, माझ्या डोक्यात वाचलेली मिनिटं होती. फार फरक नाही.

२०१६ मध्ये या रस्त्यावर १५१ माणसं मेली. त्याच वर्षापासून रस्ते विकास महामंडळ आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी इथली धोक्याची एकेक जागा शोधून दुरुस्त करायला घेतली, कठडे, पाट्या, पट्टे. म्हणजे पुन्हा तेच. आधी जागा.

मी कंटेनरच्या मागे होते. दोन मिनिटं, तीन मिनिटं. मागून एक पांढरी एसयूव्ही डिपर मारायला लागली. सतत. आरशात नुसता उजेड. आणि मधल्या लेनमध्ये, दोन ट्रकांच्या मध्ये, एक फट दिसली.

मी गेले. इंडिकेटर दिला की नाही, आठवत नाही. उजवीकडून मध्ये, मधून डावीकडे, कंटेनरला डावीकडून मागे टाकून परत उजवीकडे. समोर वळण होतं. सगळं मिळून सहा-सात सेकंद.

आईचा उजवा पाय मॅटवर दाबलेला होता, जिथे ब्रेक नसतो तिथे.

कुणीच काही बोललं नाही. अमृतांजन पूल होता ती जागा गेली. १८३० चा तो ब्रिटिशकालीन पूल एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये रस्ता रिकामा होता तेव्हा, पाडला. त्याचे खांब रस्त्याच्या मध्ये येत होते. लहानपणी तो पूल दिसला की आई ‘घाट संपला’ म्हणायची. आता म्हणायला काही उरलेलं नाही. बोगद्याचा अंधार आला, गेला.

‘हे कशात बसतं?’ बाहेर आल्यावर तिने विचारलं. आवाज अगदी साधा, स्पेलिंग विचारावं तसा.

‘यादीत चौथं,’ मी म्हटलं. ‘ओव्हरटेक.’

‘आणि तो मागचा?’

‘त्याचंही बसेल. मला भीती वाटली, म्हणजे इतरांच्या मनात भीती.’

‘मग मला दोघांची वाटली,’ आई म्हणाली.

पुढे मी लोणावळ्यापर्यंत मधली लेन सोडली नाही. पांढरी एसयूव्ही केव्हाच गेली होती. कामशेतच्या बोगद्यानंतर ऊन आलं, उजवीकडे पवनेच्या बाजूचे डोंगर स्वच्छ दिसत होते. आईने पर्समधून आवळा सुपारी काढली, मला दिली. हँडल तिने सोडलं होतं, पण हात मांडीवर न ठेवता दाराच्या आर्मरेस्टवर ठेवला होता. मी बघत होते. ड्रायव्हिंग करताना शेजारच्या माणसाचे हात बघायचे असतात, हे मला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कुणी शिकवलं नव्हतं.

किवळेला एक्सप्रेसवे संपला. कोथरूडला पोचलो तेव्हा मावशी दारातच उभी, हाताला कणीक.

‘किती वेळ लागला गं?’

मी घड्याळ बघितलं. दोन तास चाळीस मिनिटं, अर्धा तास वडापावचा धरून. सांगणार होते, त्याआधी आई म्हणाली, ‘घाटात एकदा चुकली. बाकी ठीक.’

मावशीने माझ्याकडे बघितलं, मी पिशव्या आत नेल्या.

पुढच्या आठवड्यात आईला पुन्हा दादरला यायचं होतं, एका लग्नाला. जेवताना मी म्हटलं, मी येते घ्यायला. ती भात कालवत होती.

‘डेक्कन क्वीनचं तिकीट काढून ठेवलंय गं,’ ती म्हणाली. मग जरा थांबून, ‘रद्द करता येतं म्हणा.’